मावा, मुंग्या आणि गालातला पांढरा चट्टा



वालाच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा पडला की तिथे मुंग्यांची रांग लागते, हे तुम्ही शेकडो वेळा पाहिले असेल. पुष्कळांची समजूत अशी की मुंग्या मावा खायला येतात. गावोगावच्या बैठकांत मी हा प्रश्न मुद्दाम विचारतो आणि निम्मे हात तरी तसे वर होतात. खरा प्रकार उलटा आहे. मावा झाडाचा रस शोषतो आणि मागून गोड, चिकट पाणी सोडतो. त्या गोडाला सोकावलेल्या मुंग्या माव्याचीच राखण करतात. मावा फस्त करणारा ढालकिडा जवळ आला तर त्याला चावून हाकलून लावतात. म्हणजे एकाच शेंड्यावर दोन राखणदार असतात. एक पिकाचा, दुसरा किडीचा. लांबून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच कामात गढलेले दिसतात.

आज हे पिकासाठी सांगत नाही. मावा नावाची दुसरी एक वस्तू आपल्या गावात प्रत्येक टपरीवर मिळते. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून केलेली पुडी. तिचे शेत म्हणजे माणसाचा गाल. आणि त्या शेतातही हीच दोन राखणदारांची गोष्ट घडते, हे मला दिंडोशीला कळले. मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा पदवीधर आणि पंचायत समितीतला विस्तार अधिकारी. पण जे विचारून, वाचून समजले ते तुमच्या-माझ्या भाषेत सांगता येईल असे वाटते.

दिंडोशी म्हणजे मुंबईच्या उपनगरातले गोरेगाव-मालाडच्या पूर्वेचे गाव. आता त्याला गाव म्हणायला जीभ रेटत नाही. महामार्गावर मेट्रोचे स्थानक झाले आहे आणि मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. त्या डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत माझा भाचा राहतो. तो एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळीचा पहारेकरी आहे. कधीमधी डोंगरातून बिबट्या उतरतो, म्हणून रात्री डोळा लागून चालत नाही. जागे राहण्यासाठी त्याने गालात मावा धरायला सुरुवात केली, त्याला आता ११ वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी चार दिवस त्याच्याकडे उतरलो होतो. सूनबाईंनी गावाकडच्या पद्धतीने ठेचा-भाकरी केली. भाच्याने ठेचा बाजूला सारला आणि भाकरी दुधात कुस्करली. मी विचारले, तर म्हणाला, "मामा, तिखट सोसत नाही आताशा. तोंडही पुरतं उघडत नाही." त्याला खिडकीपाशी उजेडात नेले आणि आ करायला सांगितले. त्याची स्वतःची दोनच बोटे उभी आत गेली. डाव्या गालाच्या आत, जिथे तो पुडी धरत असे तिथे, रुपयाएवढा पांढुरका चट्टा होता. फडक्याने पुसला तरी जाईना. त्या आधी वर्षभर तो जवळच्या एका दवाखान्यातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होता. तोंडात बॅटरी मारून कुणी पाहिले नव्हते.

माझ्या पोटात गोळा आला, त्याला कारण आहे. याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना, आम्ही असेच गमावले. त्यांच्याही गालात पांढरे झाले होते. "तोंड आलंय" म्हणून आम्ही तूप लावत राहिलो. परळला टाटा रुग्णालयात नेले तेव्हा गाठ जबड्याच्या हाडात गेली होती. मी तिशी ओलांडलेला सरकारी माणूस होतो. लोकांच्या कपाशीचे पान उलटे करून बोंडअळीची अंडी दाखवत होतो. बहिणीच्या नवऱ्याला मात्र एकदाही आ करा म्हटले नव्हते.

भाच्याला दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या एका रुग्णालयाच्या दंतविभागात नेले. तिथल्या बाईंनी चट्ट्याचा मुगाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने निकाल आला : कर्करोग नाही, पण पेशींची ठेवण थोडी बिघडलेली आहे आणि कातडीखाली पांढऱ्या रक्तपेशी दाटीने जमलेल्या आहेत. भाच्याने सरळ विचारले, "म्हणजे आहे की नाही?" बाई म्हणाल्या, "अजून नाही. होईलच असंही नाही. त्या जमलेल्या पेशी कुणाच्या बाजूनं उभ्या राहतात, यावर बरंच अवलंबून आहे." त्या एका वाक्याने मी घरी आल्यावर पुस्तके उघडली.

पुणे जिल्ह्यातील एक लाख तोंडे

या चट्ट्यांचा अभ्यास आपल्याच मातीत झाला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. तिथले डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि सहकारी, तसेच डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग, यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. ते काम १९७२ साली प्रसिद्ध झाले. पुढे याच मंडळींनी केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात वर्षानुवर्षे घरोघर जाऊन त्याच त्या माणसांची तोंडे पुन्हा पुन्हा पाहिली. पीक एकदा पाहून अंदाज बांधणे वेगळे आणि पेरणीपासून काढणीपर्यंत फेऱ्या घालणे वेगळे. यांनी फेऱ्या घातल्या.

त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. तोंडाचा कर्करोग बहुधा निरोगी कातडीत एकाएकी उगवत नाही, त्याच्या आधी चट्टा, लाली किंवा आवळलेले तोंड अशी काही खूण असते. दुसरी गोष्ट दिलाशाची आहे. खूण असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही. तोंड आवळत जाण्याच्या आजाराचे ६६ रुग्ण त्यांनी १७ वर्षांपर्यंत नजरेखाली ठेवले. त्यांतल्या ५ जणांना कर्करोग झाला. ही माहिती १९८५ सालची. पाच हा आकडा लहान नव्हे, ज्याच्या घरात होतो त्याला तो शंभर टक्केच असतो. पण उरलेल्या ६१ जणांचे का टळले, हा प्रश्न शेतकऱ्याच्या डोक्यात यायलाच हवा. एकाच बांधावरची दोन झाडे, एकच रोग, एक वाळते आणि एक तगते. तिथे आपण झाडाच्या अंगची ताकद पाहतो. माणसातही तेच पाहावे लागते.

अंगातले ढालकिडे

आपल्या शरीरात कोट्यवधी पेशी रोज नव्या होतात. तयार होताना काहींच्या बियाण्यात खोट राहते, आणि तंबाखू-सुपारी ही खोट वाढवते. अशी बिघडलेली पेशी आपल्या अंगावर बिघडलेल्या प्रथिनांचे तुकडे बाळगते. कातडीच्या थरात टेहळणी करणाऱ्या पेशी असतात. त्या हे तुकडे उचलून जवळच्या लसिकागाठीत, म्हणजे गळ्याजवळच्या अवधाणाच्या गाठींत, नेऊन दाखवतात. तिथून टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होऊन निघतात, नेमकी ती बिघडलेली पेशी हुडकतात, तिच्या भिंतीला भोके पाडतात आणि तिला मरण पत्करायला लावतात. हे सारे बिनबोभाट चालते. आपल्याला पत्ताही नसतो.

ऑस्ट्रेलियाचे बर्नेट आणि अमेरिकेचे लुईस थॉमस या शास्त्रज्ञांनी ही राखणदारीची कल्पना १९५० च्या दशकात मांडली. तेव्हा अनेकांना ती पटली नाही. पण पुढे अनुभव येत गेला. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना नवे मूत्रपिंड टिकावे म्हणून राखणदार पेशी झोपवणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, आणि त्यांच्यात कातडीचे व ओठाचे कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी अधिक दिसतात. राखणदार झोपला की चोरी होते, हे त्यावरून सिद्ध झाले म्हणा ना. तोंडातल्या चट्ट्यांच्या काही अभ्यासांतही असेच आढळले आहे : जिथे बिघडलेल्या थरात टी-पेशी भरपूर होत्या ते चट्टे बहुधा तिथेच थांबले, जिथे त्या विरळ होत्या त्यांतले अधिक पुढे गेले.

राखणदार मुंगी कसा होतो

आता तुम्ही म्हणाल, मग पांढऱ्या पेशी जमल्या तर भाच्याचे बरेच झाले की! मलाही आधी तसेच वाटले होते. इथेच मुंग्या येतात.

जखम झाली की पांढऱ्या पेशींची दोन कामे असतात. आधी मारामारी, मग डागडुजी. भक्षक पेशी जंतू गिळतात, आणि काम संपले की त्याच पेशी नवी कातडी वाढावी, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून वाढीची द्रव्ये सोडतात. चार दिवसांत जखम भरते आणि सगळे आपापल्या घरी जातात. पण रोज १५-२० वेळा त्याच जागी चुना आणि तंबाखू ठेवली तर जखम कधीच भरत नाही. मारामारी आणि डागडुजी दोन्ही वर्षानुवर्षे एकाच वेळी चालू राहतात. मारामारीत सुटणारी तिखट रसायने शेजारच्या चांगल्या पेशींचे बियाणे बिघडवतात, आणि डागडुजीचे खतपाणी बिघडलेल्या पेशींनाच मिळते. अमेरिकेच्या डॉ. ड्वोराक यांनी १९८६ साली लिहिले की कर्करोगाची गाठ म्हणजे न भरणारी जखम. माझ्या मते इतके नेमके वर्णन दुसरे नाही.

बिघडलेली पेशीही स्वस्थ बसत नाही. टी-पेशीला निसर्गाने एक वेसण घातलेली असते, नाहीतर ती आपल्याच अंगावर धावून जाईल. ही वेसण ओढायची खुबी काही बिघडलेल्या पेशींना साधते. काही पेशी अंगावरचे ओळखीचे तुकडे लपवतात. काही जण टी-पेशींमधल्याच 'शांत राहा' असे सांगणाऱ्या जातीला जवळ बोलावतात. माव्याने गोड पाणी सोडून मुंग्या बाळगाव्यात, तसेच हे. शास्त्रज्ञ यात तीन पायऱ्या मानतात : आधी राखणदार जिंकतो, मग बरोबरी चालते, शेवटी चोर निसटतो. मधली बरोबरी अनेक वर्षे टिकू शकते. भाच्याचा चट्टा त्या मधल्या पायरीवर असावा, असे मी आपल्या मनाशी धरले आहे.

सुपारीचे आणखी एक वेगळे प्रकरण आहे. पुष्कळ जण म्हणतात, "मी तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी." हा मोठा घोटाळा आहे. सुपारीतल्या द्रव्यांमुळे पांढऱ्या पेशी आणि कातडीच्या पेशी डागडुजीचा संदेश सतत सोडत राहतात. त्या संदेशाने गालाच्या आत वाखासारखे चिवट धागे साठत जातात, रक्तवाहिन्या आवळतात आणि तोंड उघडेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करणारी ठरवली आहे. महाराष्ट्रात २०१२ सालच्या जुलैपासून गुटख्यावर बंदी आहे. बंदीनंतर टपऱ्यांवर काय विकले जाते ते तुम्ही आणि मी दोघेही जाणतो.

वेसण सोडण्याचे औषध

टी-पेशीची ही वेसण शोधून काढल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकु होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वेसण सोडवणारी औषधे निघाली, पण किमती अशा की शेत विकूनही पुरू नये. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देऊन पाहिले. तोंड-घशाचा कर्करोग पुढे गेलेल्या रुग्णांना गोळ्यांच्या उपचाराला ही अल्प मात्रा जोडली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात १६ वरून ४३ वर गेले. हे निकाल २०२३ साली छापून आले. ४३ म्हणजे १०० नव्हे, हे विसरू नका, पण परळला झालेले हे काम गरिबाच्या आवाक्याचा विचार करून झाले.

कर्करोग होण्याआधीच, चट्ट्यावरच हे औषध द्यावे का? अमेरिकेत अतिशय धोक्याचे चट्टे असलेल्या ३३ जणांवर असा प्रयोग झाला. २०२४ साली त्याचा अहवाल आला. १२ जणांचे चट्टे बऱ्यापैकी आकसले, पण ९ जणांना तरीही कर्करोग झालाच. शिवाय वेसण सोडलेला बैल कुणालाही शिंग मारू शकतो, तसे हे औषध निरोगी अवयवांवरही टी-पेशी सोडू शकते. तेव्हा चट्ट्यासाठी आज हे औषध मागायला कुणी परळला जाऊ नये.

त्यापेक्षा साधा उपाय आहे, आणि त्याचा पुरावा जुना व भक्कम आहे. शेंड्यावरचा मावा धुऊन काढला की मुंग्या आपोआप पांगतात. एर्नाकुलमच्या लोकांत ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यात नवे चट्टे उठण्याचे प्रमाण झपाट्याने उतरले. अमेरिकेच्या हवाई दलात भरती झालेल्या तरुणांना शिक्षणाच्या ६ आठवड्यांत तंबाखू सक्तीने बंद होती. तेवढ्या काळात शंभरातले ९७ चट्टे डोळ्यांना दिसेनासे झाले, असे १९९९ साली नोंदले गेले. ती पोरे कोवळी होती, चट्टे नवे होते आणि सुपारी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आवळलेले तोंड असे सहज सुटत नाही. जुना चट्टा गेला तरी तपासणी सोडायची नाही. पण रोजची जखम थांबली की राखणदाराला निदान आपले काम करायची उसंत मिळते.

भगिनींसाठी

घरातल्या बायका मशेरी लावतात, त्यांनाही वरचे सगळे लागू आहे. पण राखणदारीची याहून स्पष्ट गोष्ट गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची आहे. तो एका विषाणूमुळे होतो. हा विषाणू अनेक बायकांना केव्हा ना केव्हा लागतो, आणि बहुतेकींच्या अंगातल्या पेशी वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतात. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यात बिघडलेल्या पेशींचा थर तयार होतो आणि तो पुढे वाढतो. एड्सचा विषाणू टी-पेशीच मारतो. त्याची लागण झालेल्या बायकांमध्ये हा कर्करोग सुमारे सहापट अधिक होतो, यावरून काय ते समजा.

यावर जगाला धडा देणारे काम आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाले. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा आणि फ्रान्समधली जागतिक कर्करोग संस्था यांनी १९९९ पासून खेड्यांतल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांना यात घेतले. काही गावांत विषाणूची एकदाच तपासणी केली आणि ज्यांना थर आढळला त्यांच्यावर उपचार केले. २००९ साली निकाल आला, तेव्हा त्या गावांतले या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांच्या जवळपास निम्मे होते. एकदाच केलेल्या तपासणीवर! कोरडवाहू भागातल्या त्या बायका घरची कामे टाकून तपासणीला आल्या, म्हणून हे जगाला कळले. मुलींसाठी याची लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. लस म्हणजे चोर यायच्या आधीच राखणदाराला त्याचे चित्र दाखवून ठेवणे.

आरसा आणि उजेड

महिन्यातून एकदा, समजा अमावास्येला, दिवसाच्या उजेडात आरसा घ्या. चूळ भरा. ओठ उलटे करा, दोन्ही गाल बोटाने ताणून पाहा, जीभ वर, बाहेर, डावीकडे, उजवीकडे. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखी लाल जागा (ही पांढऱ्याहून अधिक धोक्याची), तीन आठवड्यांत न भरलेला फोड, हाताला लागणारी गाठ, तिखटाने होणारी आग, किंवा स्वतःची तीन बोटे उभी आत न जाणे, यांतले काहीही दिसले तर जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात जा. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. केरळातच तिरुवनंतपुरमजवळ शिकवलेल्या आरोग्यसेवकांनी असे नुसते डोळ्यांनी तपासले, तर तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली दिसून आले. व्यसन सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा फुकट फोन आहे : १८००-११-२३५६. भाच्याने तो केला होता. पहिले दहा दिवस फार कठीण गेले. रात्री फाटकावर तो बडीशेप आणि भाजलेले हरभरे चघळत बसे आणि सूनबाईंवर विनाकारण खेकसत असे. दोनदा पुडी घेतलीही. तिसऱ्यांदा नाही घेतली.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. चट्टा बराच पुसट झाला आहे, पण गेलेला नाही. बाईंनी सांगितलेला तोंड उघडण्याचा व्यायाम तो सकाळ-संध्याकाळ करतो. दोनाची अडीच बोटे झाली आहेत. दर तीन महिन्यांनी दाखवायचे आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, पेरणीला गावी येतो, तारीख पुढच्या महिन्यात घेतली तर चालेल ना?" मी म्हटले, पेरणी मी बघतो, तू आधी तारीख सांभाळ.